बाजार ओळखणारा संत : वसईचे गोन्सालो गार्सिया



आगमनकाळ सुरू झाला आहे. वेदीजवळच्या मेणबत्त्या रविवारी रविवारी एकेक करून पेटत आहेत. ह्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात कापूस घरात येतो, सोयाबीन विकून झालेले असते, तूर मात्र अजून शेतात उभी असते. वर्षभरात घरात थोडाफार रोख पैसा दिसतो तो ह्याच दिवसांत, आणि हे बाजारालाही ठाऊक आहे. घाटावर बुलढाणा-चिखलीला जा, नाही तर घाटाखाली खामगाव-मलकापूरला जा. दुकानांपुढे लाल टोप्या, चमकते तारे आणि पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज टांगलेला दिसतो. ज्यांना बाजारात जायला सवड नाही त्यांच्या हातातल्या मोबाइलमध्येच दुकान येऊन बसले आहे.

सणाला नवे कपडे घ्यावेत, गोडधोड करावे, घर रंगवावे, ह्यात वाईट काहीच नाही. पण गेली काही वर्षे नाताळ जवळ आला की आपल्यातल्या काही घरांत आनंदाच्या आधी काळजीच येते. शेजारच्यांनी मोठा तारा लावला, आपला लहान दिसेल. पाहुण्यांच्या मुलांना भेटी द्याव्या लागतील. मग उसनवारी होते, हप्त्यावर वस्तू येतात आणि जानेवारी-फेब्रुवारी त्या फेडण्यात जातात. त्याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की, मुलांना नवे कपडे घेता आले नाहीत म्हणून मध्यरात्रीच्या मिस्साला न येणारी कुटुंबेही असतात. जो गोठ्यात जन्मला, ज्याला कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेवले, त्याच्या वाढदिवसाला कपड्यांपायी यायची लाज वाटावी, ह्यापेक्षा उलटी गोष्ट कोणती?

ह्यावर बाजाराला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याने कधी व्यापार केला नाही त्याने बाजाराला नावे ठेवली तर त्याला किती वजन? म्हणून आज एका अशा संताचे जीवन आपल्यापुढे ठेवतो, ज्यांनी स्वतः व्यापार केला, चांगला केला, नफा मिळवला आणि मग एके दिवशी ते सारे सोडून दिले. विशेष म्हणजे हा संत आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतला आहे. त्यांचे नाव संत गोन्सालो गार्सिया.

वसईचा मुलगा

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेली होती आणि पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई इथल्याच कोकण किनाऱ्यावरची. त्यामुळे घरात दोन देशांचे रक्त, दोन भाषा. त्या काळच्या समाजात अशा मुलांना ना पूर्ण इकडचे मानत, ना पूर्ण तिकडचे.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. गोन्सालो यांचे शिक्षण तिथेच झाले. तिथल्या सेबास्तियन गोन्साल्विस नावाच्या धर्मगुरूंचा त्यांच्यावर लोभ जडला. हे धर्मगुरू जपानमधील मिशनकार्यासाठी निघाले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे गोन्सालोही त्यांच्याबरोबर गलबतावर चढले. ते साल होते १५७२.

जपानमध्ये त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. त्यांनी जपानी भाषा इतकी चांगली आत्मसात केली की लोकांशी ते त्यांच्याच बोलीत बोलत. येशूसंघात दाखल होऊन आयुष्यभर हेच काम करावे अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु त्यांना संघात प्रवेश मिळाला नाही. हा नकार त्यांना जड गेला असणार. ते तिथून निघाले आणि व्यापाराकडे वळले.

रेशीम आणि चांदीचा समुद्र

त्या काळी पूर्वेकडच्या समुद्रावर मोठी उलाढाल चालत असे. चीनचे रेशीम जपानला जाई आणि जपानची चांदी चीनकडे येई. खामगावच्या चांदीच्या पेढ्या पाहिलेल्यांना चांदीच्या बाजाराची रीत समजावून सांगायला नको. मकाव, मनिला, नागासाकी ही त्या व्यापाराची बंदरे. जपानी भाषा जाणणारा, लोकांच्या विश्वासाचा, कष्टाळू तरुण अशा ठिकाणी मागे राहील कसा? गोन्सालो यांचा व्यापार वाढला. निरनिराळ्या ठिकाणी त्यांची पेढी पसरली. हाती पैसा खेळू लागला.

व्यापार करणे हे पाप नव्हे. तेराव्या शतकातील आपले थोर विचारवंत संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. आपले घर चालवावे, गरजवंताला मदत करावी, लोकांना लागणारा माल त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, ह्यासाठी माफक नफा घेतला तर तो न्याय्यच आहे, असे त्यांचे मत. हा विचार त्यांनी ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटलच्या शिकवणीवर उभा केला. अ‍ॅरिस्टॉटलने दोन प्रकारच्या मिळकतीत फरक केला होता. घराला लागते ते मिळवणे हा एक प्रकार. त्याला मर्यादा असते, कारण पोटाला, अंगाला आणि घराला किती लागते ते ठरलेले असते. पैशासाठी पैसा मिळवणे हा दुसरा प्रकार. त्याला मर्यादाच नसते. दोन पोती ज्वारीने घर भागते, तिथे दहा पोती आली की आपण पुरे म्हणतो. पैशाच्या आणि हौसेच्या बाबतीत मात्र पुरे हा शब्द आपल्या तोंडून सहसा निघत नाही.

गोन्सालो यांना हा फरक पुस्तकातून नव्हे, तर व्यवहारातून कळला. धंदा चालू असतानाच ते गरिबांना मदत करीत, धर्मकार्यात भाग घेत. मनिला येथे त्यांचा फ्रान्सिसकन संन्याशांशी संबंध आला. हे लोक अनवाणी चालत, भिक्षेवर जगत आणि आजाऱ्यांची सेवा करीत. गोदामात माल आणि पेटीत पैसा असलेल्या ह्या व्यापाऱ्याला त्या अनवाणी माणसांजवळ काहीतरी असे दिसले, जे त्याच्या गोदामात नव्हते.

कमरेला दोर

फ्रान्सिसकन संघाचे संस्थापक असिसीचे संत फ्रान्सिस हेही एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव होते. वडिलांच्या दुकानातील भारी कापड त्यांनी विकले, वाटले आणि शेवटी अंगावरचे कपडेही वडिलांना परत देऊन ते गरिबीच्या वाटेने निघाले. इटलीतील ग्रेचो गावात १२२३ च्या नाताळात त्यांनी एका गुहेत खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून गव्हाणी उभी केली. आज आपण घरोघर आणि चर्चमध्ये गव्हाणी करतो ती परंपरा त्या रात्रीमुळे जगभर पसरली. त्या गव्हाणीला काही विकत आणावे लागले नव्हते. जे शेतात आणि गोठ्यात होते, तेवढेच तिथे होते.

अशा संताच्या संघात गोन्सालो यांनी १५८८ च्या सुमारास प्रवेश केला. व्यापार आवरला, जे होते ते सोडले आणि तीन गाठींचा दोर कमरेला बांधला. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ह्या तीन व्रतांच्या त्या तीन गाठी. ते धर्मगुरू झाले नाहीत. ते अखेरपर्यंत साधे ब्रदर राहिले. ज्याच्या पेढ्यांवर इतर लोक कामाला होते, तो आता मठातील पडेल ते काम करू लागला.

सोनेरी खोली आणि कुष्ठरोग्यांचे घर

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फ्रान्सिसकन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना आपला वकील म्हणून जपानला पाठविले. जपानी भाषा उत्तम येणारे ब्रदर गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर होते. जपानची सत्ता त्या वेळी तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्या हाती होती. एका सामान्य घरातून वर आलेला हा पराक्रमी पुरुष वैभवाच्या प्रदर्शनात कोणाला हार जाणारा नव्हता. नुसता चहा पिण्यासाठी त्याने सोन्याच्या पत्र्याने मढवलेली खोली करून घेतली होती. ती सुटी करून कुठेही नेता येई, म्हणजे जिथे जावे तिथे लोकांना दाखवता यावी.

अशा माणसापुढे जाडेभरडे झगे घातलेले हे संन्यासी उभे राहिले. बोलणी झाली ती गोन्सालो यांच्या मुखातून. हिदेयोशीने १५८७ मध्येच परदेशी मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे अमलात आणला नव्हता. ह्या संन्याशांना त्याने क्योतो शहरात राहण्याची मुभा दिली. तिथे त्यांनी एक चर्च उभारले आणि त्याला लागूनच कुष्ठरोग्यांसाठी व गरीब आजाऱ्यांसाठी रुग्णालये सुरू केली.

कुष्ठरोग्याला जवळ करणे म्हणजे काय, हे आपल्या विदर्भाला वेगळे सांगायला नको. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी विसाव्या शतकात जे केले, तेच काम साडेतीनशे वर्षांपूर्वी क्योतोमध्ये हा वसईचा माणूस आपल्या सोबत्यांसह करीत होता. ज्यांना घरच्यांनीही बाहेर काढले होते त्यांच्या जखमा ते धूत, त्यांना जेवू घालीत, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत. सोन्याच्या खोलीपासून फार दूर नसलेल्या त्या घरात ह्या माणसाला आपले आयुष्य सापडले होते. ज्या भाषेने पूर्वी सौदे केले, तीच भाषा आता दुःखितांच्या कामी आली. देवाने त्यांचे काहीच वाया जाऊ दिले नाही.

मालाने भरलेले जहाज

आता ह्या कथेतील सर्वांत विचार करायला लावणारा भाग येतो. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे एक मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. ते मनिलाहून मेक्सिकोतील अकापुल्को बंदराकडे निघाले होते. रेशीम आणि इतर मौल्यवान मालाने ते काठोकाठ भरले होते. हा माल तिकडच्या श्रीमंतांच्या घरी जायचा होता.

हिदेयोशीला त्या वेळी पैशाची निकड होती. त्याच वर्षीच्या मोठ्या भूकंपात त्याचा फुशिमीचा राजवाडा कोसळला होता आणि कोरियावर पुन्हा स्वारी करण्याची तयारी चालू होती. त्याने जहाजावरचा सारा माल जप्त केला. जहाजावरच्या लोकांनी क्योतोतील फ्रान्सिसकनांकडे मदतीसाठी माणसे धाडली, त्यांनी रदबदलीही केली, पण उपयोग झाला नाही. त्यातच आपल्या राजाचे सामर्थ्य दाखवण्यासाठी जहाजाच्या सुकाणूधराने काही फुशारकीचे बोलणे केले. स्पेन आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, असा त्याचा अर्थ लावला गेला. हिदेयोशीचा राग भडकला. माल घेतल्याला निमित्त मिळाले आणि संन्याशांच्या मरणालाही.

किती विचित्र योग पाहा. ज्या माणसाने आठ-नऊ वर्षांपूर्वी माल, नफा, पेढ्या सगळे सोडले होते, त्याच्यावर मरण ओढवले ते एका मालाच्या जहाजामुळे. त्या मालातील एक वारभर रेशीमही त्यांचे नव्हते. माणसांना वस्तूंचा मोह पडतो तेव्हा त्याची किंमत नेहमी मोह पडलेलेच देतात असे नाही. पुष्कळदा ती दुसरेच कोणीतरी देतात. आपल्या घरांतही तसेच होते. सणाचा खर्च हाताबाहेर गेला की त्याची किंमत घरातली आई आपल्या औषधात काटकसर करून देते, नाही तर एखाद्या मुलीची फी थांबते.

पहाऱ्यातला नाताळ

डिसेंबर १५९६ च्या आरंभी क्योतो आणि ओसाका येथील फ्रान्सिसकनांच्या घरांवर पहारे बसले. म्हणजे त्या वर्षीचा आगमनकाळ आणि नाताळ गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांनी पहाऱ्यातच काढला. दाराबाहेर शिपाई, पुढे काय होणार ह्याची टांगती तलवार. बाजारात जाणे नाही, काही आणणे नाही, कोणाला काही पाठवणे नाही. आपण ज्या ज्या गोष्टींना नाताळची तयारी म्हणतो, त्यातली एकही त्यांच्या हाती नव्हती.

तरीही तो नाताळ अपुरा होता असे कोण म्हणेल? बेथलेहेममध्ये पहिला नाताळ झाला तेव्हा पवित्र कुटुंबाला धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती आणि थोड्याच दिवसांत हेरोदाच्या भीतीने रातोरात पळावे लागले होते. ज्यांच्या गळ्याभोवती मरणाचा फास आवळत होता, ते लोक त्या गोठ्याच्या फार जवळ होते. त्यांच्याजवळ बाळ येशू होता, एकमेकांची सोबत होती, प्रार्थना होती. तेवढे त्यांना पुरे होते.

टेकडीवरचे सव्वीस क्रूस

जानेवारी १५९७ च्या पहिल्या दिवसांत कैद्यांना क्योतोच्या रस्त्यावर आणून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग धिंड निघाली. ऐन हिवाळ्यात, गावोगाव लोकांना दाखवत, त्यांना नागासाकीपर्यंत नेले. हा प्रवास जवळजवळ महिनाभर चालला. सुरुवातीला ते चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करीत मागोमाग चाललेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी त्यांच्यात सामील केले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिसकन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. ब्रदर गोन्सालो पुढे झाले आणि सर्वांत आधी आपल्या क्रूसाकडे गेले, असे परंपरा सांगते. त्या वेळी त्यांचे वय सुमारे चाळीस होते.

१६२७ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी ह्या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदाचा मान मिळालेले गोन्सालो गार्सिया हे पहिले. वसईत आज त्यांच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे. त्यांच्या पेढ्यांचा मात्र आज मागमूसही नाही. सान फेलिपेवरचे ते रेशीमही कधीच विरून गेले.

आपला नाताळ

बंधू-भगिनींनो, संत गोन्सालो यांच्यासारखे सर्वस्व सोडायला देव आपल्यातल्या प्रत्येकाला बोलावत नाही. आपल्याला प्रपंच आहे, मुले आहेत, दुकाने आणि शेती आहे. आपल्यातले काही जण बाजारावरच पोट भरतात, आणि ते कष्टाचे पोट आहे. पण ह्या संताने आपल्याला एक प्रश्न मागे ठेवला आहे. पुरे कधी म्हणायचे, हे कोण ठरवणार? दुकानदार, शेजारी, मोबाइलवरची जाहिरात, की आपण स्वतः देवासमोर बसून?

आगमनकाळात आपण योहान बाप्तिस्त्याची शिकवण ऐकतो. लोक त्याला विचारायला आले की आम्ही काय करावे, तेव्हा त्याने कोणाला रानात जायला सांगितले नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, आणि ज्याचा जो धंदा असेल तो त्याने प्रामाणिकपणे करावा, एवढेच सांगितले. तेच ध्यानात घेऊन ह्या वर्षी चार गोष्टी करू या.

पहिली, नाताळच्या खरेदीची यादी नवरा-बायकोने मिळून, मुलांना जवळ घेऊन करावी. प्रत्येक वस्तूपुढे ती कशासाठी हवी ते स्वतःला विचारावे. केवळ लोकांना दिसावी म्हणून हवी असेल तर तिच्यावर रेघ मारावी. मुलांना पुरे म्हणायला शिकवण्याची ह्याहून चांगली शाळा नाही.

दुसरी, सणासाठी कर्ज काढू नये. ज्याचा जन्म साजरा करायचा तो आपली सारी ऋणे फेडायला आला. त्याच्या नावावर नवे ऋण कशाला?

तिसरी, रेघ मारलेल्या वस्तूचे पैसे, थोडे असोत वा फार, गव्हाणीजवळच्या पेटीत टाकावेत. ते आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या औषधासाठी वापरले जातील. पेटीवर कोणाचेही नाव लिहिले जाणार नाही.

चौथी, मध्यरात्रीच्या मिस्साला प्रत्येकाने यावे, आणि धुतलेल्या जुन्या कपड्यांत खुशाल यावे. ज्यांच्याजवळ नवे आहेत त्यांनीही त्या रात्री जुनेच घातले तर फार बरे होईल, म्हणजे कोणाचे लेकरू मागच्या बाकावर अंग चोरून बसणार नाही.

ह्या वर्षी चर्चमधल्या गव्हाणीसाठी थर्मोकोल आणि विकतची सजावट आणायची नाही. शेतकरी कुटुंबांनी आपल्या शेतातला कडबा आणि कुटार घेऊन यावे. ग्रेचोला तेवढेच होते आणि बेथलेहेमलाही.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.

आपणा सर्वांना प्रभूच्या जन्मोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

आपला,
धर्मगुरू